पहिल्या प्रवासाची बोट

आमच्या घरमालकांच्या गोष्टी सोलापुरात अजून सांगतात, आणि त्या सगळ्या हसण्याच्या असतात. मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई मलाच त्या सांगू लागल्या. "शुक्रवार पेठेत एक गृहस्थ होते म्हणे. दोरीवर धोतरांऐवजी बोटींचे नकाशे टांगलेले. जगातल्या सगळ्या आगबोटी तोंडपाठ, आणि स्वतः कधी बोटीत पाऊल टाकलं नाही." पलीकडच्या दोघी हसल्या. मी भात कालवत राहिले.

नकाशे दोरीवर असत हे खरं. पाऊल टाकलं नाही हे खोटं. टाकलं, तेव्हा मी तिथं उभी होते. पण मला राग आला तो या चुकीचा नव्हे. पंगत उठेपर्यंत त्या बाईंनी काकूंचा उल्लेखसुद्धा केला नाही. कुणीच करत नाही. गोष्ट गमतीची राहायची तर त्यातून मालकांच्या बायकोला वगळावंच लागतं. मी वगळणार नाही, म्हणून माझी गोष्ट तेवढी गमतीची होणार नाही.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका होते आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. खाली मालक आणि काकू. मालक एका कापड गिरणीत तपासनीस होते. विणून आलेला तागा खिडकीसमोरच्या उतरत्या टेबलावरून ओढत न्यायचा, उजेड आरपार येऊ द्यायचा आणि दोष शोधायचा: तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण. सापडला की निळ्या खडूची खूण. त्यांच्या हाताखालून तागा बिनखुणेचा क्वचितच जाई. गिरणीत त्यांना यासाठीच मान होता. ते स्वतः सांगत, "दोष नसलेला तागा नसतो. दोष न दिसलेला तागा असतो."

गिरणीत हे ठीक होतं. तिथं खूण केलेल्या ताग्याचंही काही ना काही होत असे. विजापूर वेशीतले एक हाजीसाहेब तो नापास माल घाऊक उचलत आणि आफ्रिकेत मोंबासाला भावाच्या दुकानी पाठवत. तिकडची माणसं ते कापड नेसत, धूत, पुन्हा नेसत. मालकांना याचं आश्चर्य वाटे. थोडा अपमानही वाटे.

निवृत्त झाल्यावर तपासायला तागे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आगबोटी घेतल्या.

सुरुवात कशी झाली मला माहीत नाही. मी राहायला आले तेव्हा प्रकरण रंगात होतं. मुंबईतल्या प्रत्येक आगबोट कंपनीला ते इंग्रजीत पत्र लिहीत: आपण सपत्नीक पहिला समुद्रप्रवास करू इच्छितो, तरी माहितीपत्रक, वेळापत्रक आणि खोल्यांचे नकाशे पाठवावेत. कंपन्या पाठवत. टपालवाला दारातच वजन करून दाखवी. "मालक, आज लई जड हाय. कुटं जाताय, जपानला की विलायतेला?"

"अजून ठरलं नाही."

"मागल्या दिवाळीलाबी न्हवतंच ठरलं की."

"पहिला प्रवास माणसाचा एकदाच होतो, बाबा. तो सदोष होऊन चालत नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी 'सदोष' म्हटलं तर माझं डोकं उठतं.

माजघरातल्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे असत आणि नकाशे खिडकीपाशी दोरीला चिमट्यांनी लावलेले. सकाळचं ऊन त्यांच्यातून आलं की मालक हात मागे बांधून एकेकासमोर उभे राहत. इंग्रज कंपनीची बोट स्वच्छ, पण जेवणाच्या दालनात हिंदी माणसाला कोपऱ्यातलं टेबल देतात असं ऐकलेलं. निळी खूण. इटालियन कंपनी वेगवान, संध्याकाळी वाद्यवृंद, पण स्वयंपाकघराचा धूर दुसऱ्या वर्गाच्या सज्जावर येणार, नकाशावरून उघड दिसतंय. खूण. जपानी कंपनीची माणसं नम्र, पण वाटेत मालासाठी फार थांबते. खूण. मग जायचं कुठं याचा वाद. कोलंबोवरून सिंगापूर आणि जपान? एडनवरून पोर्ट सैद, व्हेनिस? की मोंबासा, झांझिबार, डर्बन? पूर्वेला गेलं तर परत येताना कुठल्या अंगाच्या खोलीत ऊन येईल आणि पश्चिमेला गेलं तर कुठल्या, हे ते काकूंना पाटावर पोळपाट-लाटणं मांडून समजावत. पोळपाट म्हणजे सूर्य.

"अहो, कणीक वाळतेय," काकू म्हणत.

काकू अक्कलकोटकडच्या. बोलणं कमी, काम झपाझप. राग आला की तोंडातून एखादा कानडी शब्द निघे, आणि मालकांना कानडी येत नसल्याने तो वाया जाई.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगते, म्हणजे मी एकांगी लिहिलं असं कुणी म्हणायला नको. दुसऱ्याची बोट ते उत्तम निवडत. आमच्या पेठेतल्या डॉक्टरांचा मुलगा विलायतेला शिकायला निघाला, तेव्हा डॉक्टर स्वतः त्यांच्याकडे आले. मालकांनी एका दुपारात सगळं ठरवून दिलं. ही कंपनी, ही बोट, खोली या बाजूची, वरचा बिछाना मागा, मार्सेलला उतरून रेल्वेने जा, पोटात ढवळलं तर सुंठ. मुलाने तिकडून आभाराचं पत्र पाठवलं. ते पत्र मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत.

मी त्यांना विचारलं, "काका, हीच बोट तुम्ही परवा नापास केली होती ना?"

"हो."

"मग त्याला कशी चालली?"

"त्याला काय, शिकायला जायचंय," ते म्हणाले. "मला प्रवास करायचाय."

म्हणजे अक्कल नव्हती असं नाही. ठरवता येत नव्हतं असंही नाही. स्वतःच्या माणसांचं काही ठरवायचं आलं की तो तागा टेबलावरून हलायचाच नाही. कुसुमच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचं असंच झालं. स्थळं येत होती. एकाचं कपाळ अरुंद, दुसऱ्याची आई फार बोलते, तिसऱ्याचा पगार चांगला पण गाव ओसाड. कुसुम घरात थोराड दिसू लागली. शेवटी काकू माहेरी सणाला म्हणून गेल्या आणि भावाच्या मदतीने लग्न ठरवूनच आल्या. मुलगा मोंबासाला बंदरावर कारकून होता. मालक म्हणाले, "मुलगा बरा आहे, पण तिकडे जाणाऱ्या बोटी जुन्या आहेत." कुसुम त्याच जुन्या बोटीतून नवऱ्याबरोबर गेली आणि सुखरूप पोचली. मालक तेव्हा तापाने अंथरुणात होते, मुंबईला पोचवायला गेले नव्हते.

पुढं माघात कुसुमचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते. ज्येष्ठात बाळंतपण. जावयांना रजा नाही, तिला एकटीला पाठवणं शक्य नाही, तेव्हा आईनेच यावं. वडील आले तर फार चांगलं. पहिलं बाळंतपण आईने करायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि तिथल्या इस्पितळाबद्दल तिने काही लिहिलं नव्हतं, फक्त एवढंच लिहिलं होतं की शेजारच्या गुजराती बाई चांगल्या आहेत पण त्यांची भाषा नीट कळत नाही.

काकूंनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मास्तरीणबाई, काय काय न्यायचं ते लिहून द्या मला. माझ्या डोक्यात आहे, पण कागदावर असलं म्हणजे सुटत नाही."

हे माझ्या आवडीचं काम. मी लिहून दिलं: डिंक, हळीव, सुंठ, बाळंतकाढ्याची मुळं, जुन्या लुगड्यांची दुपटी, कुंची, शेकायला शेगडी, वेखंड. काकू आठवडाभरात त्यातलं सगळं जमवून मोकळ्या झाल्या. सरकारी परवाने आणि देवीच्या लशीचा दाखला जावयाच्या पत्रावरून महिन्याभरात झाले. पैशाचीही अडचण नव्हती. अडचण टेबलावर होती.

मालक आनंदले होते, हे मला विसरता येत नाही. आता प्रवासाला कारण मिळालं. काकूंनी एकटीने जावं हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, काकूंच्याही नाही. मालक घेऊन जाणार, आणि नीट घेऊन जाणार.

फाल्गुनातली बोट त्यांनी नापास केली, कारण शिल्लक खोल्या बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यावर येत होत्या आणि रात्रभर थरथर. काकू म्हणाल्या, "मी गिरणीच्या भोंग्याखाली तीस वर्षं झोपतेय."

"ते जमिनीवर."

चैत्रातली बोट मोंबासाहून पुढं झांझिबारला जात नव्हती. आलोच आहोत आफ्रिकेपर्यंत, तर झांझिबार, डर्बन बघून यायला नको का? मी त्या दिवशी माडीवरून खाली आले. भाडेकरूने बोलू नये ते बोलले. "काका, कुसुम मोंबासाला आहे. झांझिबारला कुणी बाळंत होत नाहीये."

ते रागावले नाहीत. ते कधी रागावत नसत, हाही त्यांच्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून लोक सांगतात. म्हणाले, "बाई, तुम्ही तरुण आहात. तुम्हाला वाटतं पोचणं म्हणजे प्रवास."

मला अजूनही तसंच वाटतं.

वैशाखाच्या सुरुवातीच्या बोटीची मात्र तिकिटं निघाली. कशी निघाली तर काकूंनी दोन दिवस घरात शब्द उच्चारला नाही. तिसऱ्या दिवशी मालकांनी मुंबईला तार केली. दुसऱ्या वर्गाची खोली मिळाली. काकूंनी डिंकाचे लाडू वळले, त्या उन्हाळ्यात, घामाने निथळत. ट्रंकेला गोणपाट शिवलं. मी त्यावर इंग्रजीत नाव-पत्ता घातला.

बोट सुटायला आठवडा असताना टपालाने एक नवं पत्रक आलं. दुसऱ्या एका कंपनीची कोरी बोट त्या मार्गावर येणार होती. वैशाखाच्या अखेरीस पहिली फेरी. प्रत्येक खोलीत विजेचा पंखा, वेगळं शाकाहारी स्वयंपाकघर, सज्जावर ताडपत्रीचं छत. मालकांनी पत्रक खिडकीला लावलं आणि कितीतरी वेळ बघत राहिले. निळी पेन्सिल हातात होती, ती त्यांनी वापरली नाही. माझ्या पाहण्यातली ही एकमेव वेळ.

त्याच दिवशी त्यांनी पहिली तिकिटं रद्द केली.

काकू अंगणात शेंगा सोलत होत्या. मालक बाहेर येऊन म्हणाले, "तीन आठवड्यांचा तर फरक आहे. आणि ही बोट वेगवान आहे, म्हणजे पोचायला आणखी कमी दिवस. ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात आपण तिथं. तुला उकडणार नाही, पंखा आहे."

काकूंनी सूप खाली ठेवलं. "साकु," म्हणाल्या. कानडीत म्हणजे पुरे.

"काय म्हणालीस?"

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

कोऱ्या बोटीचं जे व्हायचं ते झालं. वैशाख अर्धा झाला तेव्हा कंपनीचं नम्र पत्र आलं की पहिली फेरी काही कारणाने पुढे गेली आहे, नवी तारीख लवकरच कळवू. मालक ते वाचून म्हणाले, "घाई केली नाही हे चांगलंच आहे त्यांचं. अपुरी बोट सोडण्यापेक्षा हे बरं."

त्या दुपारी काकू डोक्यावर पदर घेऊन विजापूर वेशीत गेल्या. मी शाळेला सुटी असल्याने बरोबर होते, पण कशाला जातोय हे मला दारात पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. हाजीसाहेबांच्या घरच्या बिबी दरवर्षी दिराकडे मोंबासाला जात. त्या चार दिवसांनी निघणार होत्या, नवरा, धाकटा मुलगा आणि कापडाच्या गाठी घेऊन. खोली वगैरे नाही. उघड्या डेकवर.

काकूंनी सरळ विचारलं. "बिबी, तुमच्या शेजारी माझं एक अंथरूण पडेल का?"

बिबींनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणि मालक?"

"त्यांची बोट यायचीय अजून."

"डेक म्हणजे उघड्यावर हां, बाई. शेजारी कोण येईल सांगता येत नाही. बकऱ्यापण असत्यात."

"असू देत."

"चूल तुमची तुम्हाला वेगळी मिळती. हिंदू लोकांची बाजू निराळी असती. पर तुमचं सोवळंबिवळं..."

"पोरगी तिकडं अडलीय, बिबी. सोवळं धुऊन वाळत घालता येतं."

बिबी हसल्या आणि आत नवऱ्याला हाक मारली. तिकिटाचं काम तिथंच झालं.

घरी येऊन काकूंनी कडक भाकऱ्या करायला घेतल्या. बाजरीच्या, पातळ, तव्यावर कडकडीत वाळवलेल्या, ज्या महिनाभर टिकतात. शेंगांची चटणी कुटली. मालक स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"कोण जाणार आहे?"

"मी."

"डेकवर?"

"डेकवर."

मला वाटलं आता भांडण होईल. मी तर तयारीने उभी होते. पण मालकांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते कुतूहल होतं. "त्या बोटीचा डेक मी नकाशात पाहिलाय," ते म्हणाले. "पुढच्या डोलकाठीपाशी जागा धर. मागे धूर येतो." मग पुढे म्हणाले, "मी मुंबईपर्यंत येतो. बोट आतून बघायला मिळेल."

मीही गेले. गाडीत मालक सगळ्या डब्याला बोटीची माहिती सांगत होते. लोक त्यांनाच प्रवासी समजत होते. ट्रंकेवर हात ठेवून काकू खिडकीपाशी बसल्या होत्या.

लोक मला सांगतात, त्यांना पाण्याची भीती वाटत असणार. बिचाऱ्याला बोलता येत नसेल. ही दया माझ्याजवळ चालत नाही. भीती असती तर मी समजून घेतली असती. मी आता सांभाळते त्या मुलींच्या वसतिगृहात भित्र्या मुली दरवर्षी येतात आणि त्यांच्याशी कसं वागायचं मला कळतं. पण मी त्यांना गोदीत पाहिलंय. समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघणारा हा माणूस हलत्या शिडीवरून पोरासारखा धावत वर गेला. पोचवायला आलेल्यांना वर जायची परवानगी होती. आम्ही डेकवर काकूंचं अंथरूण लावत होतो, बिबी आपल्या गाठी मोजून घेत होत्या, आणि मालक खाली-वर हिंडत होते. त्यांनी दुसऱ्या वर्गातल्या गाद्या दाबून पाहिल्या. बचावाच्या होड्यांना टिचक्या मारल्या. एका गोऱ्या अंमलदाराला काहीतरी विचारलं. भोंगा झाला तेव्हा ते धापा टाकत आले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी म्हणत होतो तेच," ते काकूंना म्हणाले. "खालच्या न्हाणीघरातला नळ गळतो. दोन गाद्यांना ओल आहे. नकाशावरून मी ओळखलं होतं."

काकू ट्रंकेवर बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला बिबींची सुरई, दुसऱ्या बाजूला कुणाचीतरी बकरी. त्या म्हणाल्या, "फळीवर डब्यात पोळ्या आहेत. दोन दिवस पुरतील. नंतर खानावळ लावा."

एवढंच. नवऱ्याच्या पाया पडून त्या पुन्हा ट्रंकेवर बसल्या. आम्ही खाली उतरलो. बोट सुटली तेव्हा धक्क्यावर माणसं रुमाल हलवत होती. मालकांनी वाकून बोटीचा मागचा भाग नीट पाहिला आणि म्हणाले, "जरा डावीकडे कलते आहे."

सोलापूरला तार आली तेव्हा काकू अजून समुद्रावर होत्या. दुपार होती, रस्ता ओस, गच्चीच्या फरशा पोळत होत्या. मालकांनी तार वाचली आणि माझ्या हातात दिली. बाळंतपण आधीच झालं होतं. मुलगा. जगला नाही. कुसुम अत्यवस्थ.

ते रडले. हे लिहायला हवं. खिडकीपाशी दोरीखाली जमिनीवर बसून ते हमसून रडले आणि मी त्यांना पाणी दिलं. मला त्या क्षणी त्यांची कीव आली होती. ते आणखी थोडं गप्प बसते तर कदाचित ती टिकली असती. पण त्यांनी डोळे पुसले, आणि म्हणाले, "त्या नव्या बोटीने दगा दिला. ती वेळेवर आली असती तर..."

मी पाण्याचं भांडं उचललं आणि माडीवर गेले. मनात एकच येत होतं. काकू या घटकेला लाडवांचा डबा जवळ घेऊन बसल्या असतील. त्यांच्याखेरीज आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि समुद्रात निरोप पाठवायची सोय नव्हती.

महिना संपला तशी मी जागा बदलली, चार घरं पलीकडे. निमित्त पाण्याचं सांगितलं. तरी जाणं-येणं राहिलं, कारण काकूंची खबर तिथंच यायची. खबर फार थोडी येत असे. कुसुम वाचली. हिंडू-फिरू लागली. काकू परत कधी येणार, याबद्दल एक अक्षर नाही.

दिवाळीनंतर बिबी परत आल्या आणि मालकांच्या घरी निरोप द्यायला आल्या. मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्या ओसरीवर बसल्या, बुरखा मागे टाकला, पाणी प्यायल्या. मालक समोर खुर्चीत. डेकवर काय काय झालं ते बिबी सांगत होत्या. काकूंना पहिले दोन दिवस उलट्या झाल्या. मग बऱ्या झाल्या. मग सगळ्या डेकवरच्या बायकांना त्यांनी शेंगांची चटणी वाटली. एका कच्छी बाईच्या पोराला ताप होता, त्याला वेखंड उगाळून दिलं.

"बंदर आलं तर जावई एकटाच खाली उभा, तोंड उतरलेलं," बिबी म्हणाल्या. "मी म्हटलं, बाई, तुमचा जावई दिसतोय. त्यांनी बघितलं. कुंची वर ठेवली होती, ती ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. मग उतरल्या."

मालक मान खाली घालून होते. मग त्यांनी मान वर केली.

"आणि बोट? बोट कशी होती एकंदरीत?"

बिबी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "बोट? बोटीसारखी बोट. आली, चढलो, उतरलो."

"नाही, म्हणजे समुद्र खवळलेला असताना कशी चालते, कललेली होती ना थोडी..."

"मालक," बिबी म्हणाल्या, "तुमचं नापास कापड दर साली आमच्याबरोबर समुंदर पार जातं. तुम्हीच तेवढे राहिलात."

मालक हसले. खरंच हसले, जणू कुणीतरी त्यांची थट्टा केली होती. मग विचारलं, "तिचा काही निरोप?"

"हाय ना. म्हणाल्या, मी आता हितंच ऱ्हाते, पोरीला दुसऱ्या बाळंतपणाला एकटी सोडायची न्हाय. आणि म्हणाल्या, मालक न्यायला येतो म्हणाले तर म्हणावं, या."

"या म्हणाली?"

"या म्हणाल्या."

मालकांचा चेहरा उजळला. "येतो म्हणून कळवा," ते म्हणाले. "नक्की येतो. फक्त बोट ठरू दे."

बिबींनी बुरखा पुढे ओढला. त्यांना पोचवायला मी वेशीपर्यंत गेले. वाटेत त्या एकदाच बोलल्या: "बाई हसत हसतच म्हणाल्या होत्या, या."

कुसुमला पुढं दोन मुलं झाली, दोन्ही काकूंच्या हातावर. मालक खानावळीत जेवत, सकाळी नकाशांपुढे उभे राहत आणि येणाऱ्याला सांगत की बायकोला आणायला जायचंय, आता फक्त कंपनी ठरवायची. लोकांना ते ऐकायला आवडे. पुढं लढाई सुरू झाली आणि साध्या प्रवाशांच्या बोटी बंद पडल्या. काकू तिकडेच वारल्या. तेव्हापासून ते सांगू लागले की लढाईमुळे जाता आलं नाही, आणि पेठेतली माणसं चुकचुकत. पुढं मालक गेले, तेव्हा त्यांच्या तेराव्यालाही भटजींपासून सगळे तेच म्हणत होते, लढाई आडवी आली हो.

लढाई आडवी आली नव्हती. ती सुरू होईपर्यंत मुंबईहून दर महिन्याला बोट सुटत होती.